कल्याणच्या खाडीत न आलेली जहाजं

२७ जुलै २०१९च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीपाशी अडकून पडली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. गाडीच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर गढूळ पाणी. आत साधारण १,०५० प्रवासी. त्यांना बाहेर काढायला एनडीआरएफच्या रबरी होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, वर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं. सगळे प्रवासी सुखरूप सुटले. लोकलची वाट बघण्यात अर्धं आयुष्य घालवणाऱ्या बदलापूरकरांना नौदल आपल्या वेशीवर येईल असं स्वप्नातही वाटलं नसेल.

दर्यावर्दी मंडळींना मात्र ही नदी नवी नव्हती. हिच्या खाडीत शिरलेली परदेशी जहाजं पहाऱ्यात घेऊन दुसऱ्या बंदरात नेली जायची, आणि ते एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. त्या लिखाणाला आता जवळपास दोन हजार वर्षं झाली.

त्या व्यापाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. तो इजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक लिहिणारा, स्वतः समुद्रावर फिरलेला माणूस होता, एवढं त्याच्या लिखाणावरून कळतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला त्याने ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ हे पुस्तक लिहिलं. पुस्तक कसलं, व्यापाऱ्यासाठी व्यापाऱ्याने केलेलं टिपणच. कुठल्या बंदरानंतर कुठलं बंदर, कुठे खडक, कुठे गाळ, कुठल्या राजाला काय नजराणा द्यायचा, कुठे काय खपतं आणि परतीला काय भरायचं. आज त्याची जी जुनी प्रत आपल्याला उपलब्ध आहे ती दहाव्या शतकातली आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

भडोचच्या खालची बंदरं सांगताना हा गृहस्थ आधी सोपाऱ्याचं नाव घेतो आणि लगेच ‘कल्लिएना’चं, म्हणजे आपल्या कल्याणचं. थोरल्या सारागानेसच्या काळात, म्हणजे बहुधा सातवाहनांच्या थोरल्या सातकर्णीच्या काळात, हे कायदेशीर व्यापाराचं बंदर झालं होतं, असं तो सांगतो. पुढे ते सॅंडानेस नावाच्या कुणाच्या ताब्यात गेलं आणि तेव्हापासून तिथला व्यापार अडवला गेला. एखादं ग्रीक जहाज चुकून तिथे लागलंच, तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात.

कल्याणबद्दल एवढंच. पण जर-तरचा इतिहास लिहायला निघालेल्याला याहून चांगली सुरुवात मिळायची नाही. इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, हे आपल्याला शाळेपासून ऐकवलं जातं. डॉ. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत तेच वाक्य उलटं करून दाखवलं. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कथेत त्यांना चाटून जाते आणि तिथून सगळा हिंदुस्थानच बदलतो. या खेळाचा नियम एकच आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. पेरिप्लसकाराने आपल्यासाठी दोन्ही फाटे लिहून ठेवलेत, एक उघड्या कल्याणचा आणि दुसरा अडवलेल्या कल्याणचा. घडला तो दुसरा. पहिला कसा गेला असता, ते बघू.

त्याआधी ग्रीक जहाजं इथपर्यंत पोचली कशी, ते सांगायला हवं. ज्याला जगातल्या मोठ्या शोधप्रवासांत गणतात तो प्रवास हाच.

पेरिप्लसच्या म्हणण्याप्रमाणे हिप्पालस नावाच्या सुकाणूवाल्याने बंदरांच्या जागा आणि समुद्राचा आकार ध्यानात घेऊन किनारा सोडला आणि थेट भर समुद्रातून हिंदुस्थान गाठायची वाट पहिल्यांदा शोधली. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पुढे त्याचंच नाव पडलं. हिप्पालस हा माणूसच होता की ते मुळातच वाऱ्याचं नाव होतं, यावर विद्वान अजून भांडतात. आपल्याला त्या भांडणात पडायचं कारण नाही, कारण याच्याही आधीची एक गोष्ट ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवली आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते.

इसवी सनापूर्वी ११८च्या सुमाराची ही गोष्ट. इजिप्तवर आठव्या टॉलेमीचं राज्य होतं. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर पहारेकऱ्यांना एका जहाजात एकटाच, अर्धमेला माणूस सापडला. त्याची भाषा कुणाला येईना. त्याला राजाकडे नेलं, ग्रीक शिकवलं. मग त्याने सांगितलं की, मी हिंदुस्थानातून निघालो, वाट चुकलो, बरोबरचे सगळे उपासमारीने मेले. मला परत पोचवा, वाट मी दाखवतो. राजाने जहाज दिलं. त्या जहाजावर सिझिकसचा युडॉक्सस होता. तो हिंदुस्थानात पोचला, सुगंधी द्रव्यं आणि रत्नं घेऊन परतला. राजाने ती काढून घेतली, हा भाग वेगळा. स्ट्रॅबोचा स्वतःचा या कथेवर विश्वास नव्हता. पण नंतरच्या अनेक अभ्यासकांना तिच्या गाभ्यात तथ्य वाटतं, कारण काळ जुळतो.

तो वाटाड्या कोण, कुठल्या बंदराचा, यातलं काहीच स्ट्रॅबो सांगत नाही. युडॉक्ससचं नाव मात्र पुस्तकात पक्कं बसलं. आपल्या कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात वारा कुठून येतो, नारळी पौर्णिमेनंतर तो कसा मवाळ होतो, दिवाळीच्या पुढे कसा फिरतो, हे शोधायला कुणा हिप्पालसची गरज नसते. या किनाऱ्यावरच्या माणसाला ते पोहायला येतं तसंच येतं. ग्रीकांना ते कळलं तेव्हा त्याला शोध म्हटलं गेलं.

इथे पहिला जर टाकून बघा. त्या जहाजावरचं अन्नपाणी आणखी पंधरा दिवस पुरलं असतं तर? मग तो माणूस अर्धमेला न सापडता सगळ्या खलाशांसकट, माल भरलेल्या जहाजानिशी तांबड्या समुद्राच्या बंदरात शिरला असता. त्याने माल विकला असता, वारा फिरायची वाट बघितली असती आणि तो परत आला असता. ‘पूर्वेकडचे लोक आमच्याकडे यायची वाट शोधून आले’ असं ग्रीकांना लिहावं लागलं असतं. बाकी फारसं काही बदललं नसतं. वारा तोच, माल तोच. फक्त शोध कुणाच्या नावावर लागला, एवढंच उलटलं असतं. शाळेतल्या पुस्तकाच्या दृष्टीने हे ‘एवढंच’ फार मोठं आहे.

या वाटेवर गर्दी वाढायला वेळ लागला नाही. स्ट्रॅबोच्याच काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी २५च्या आसपास, इजिप्तच्या एकट्या म्योस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानकडे निघत होती. जुलैमध्ये इजिप्त सोडायचं, पावसाळी वाऱ्याच्या शेपटावर सप्टेंबरात इकडे लागायचं आणि डिसेंबर-जानेवारीत उलट्या वाऱ्यावर घरी निघायचं, असं ते वेळापत्रक होतं.

आता दुसरा जर. हा कल्याणचा.

भडोच हे बंदर म्हणून किती त्रासाचं होतं, याचं वर्णन पेरिप्लसकार रंगून करतो. नर्मदेच्या तोंडाशी गाळाचे बांध. भरती अशी अंगावर येते की आधी दुरून सैन्याच्या कोलाहलासारखा आवाज ऐकू येतो आणि मग पाणी फुसफुसत येऊन उथळ जागांवर आदळतं. नांगर टाकून उभी असलेली जहाजं कलंडतात. म्हणून तिथल्या राजाच्या पदरी असलेले कोळी थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे येऊन परक्या जहाजांना गाठायचे आणि ओढत, वळवत, ठरलेल्या डोहात नेऊन नांगरायचे. त्यांच्या मोठ्या होड्यांची नावं त्याने दिली आहेत, ‘ट्रप्पागा’ आणि ‘कोटिंबा’. दुसरं नाव वाचताना पश्चिम किनाऱ्यावरची ‘कोटिया’ आठवल्याशिवाय राहत नाही आणि काही अभ्यासकांनी हा संबंध जोडलाही आहे.

म्हणजे भडोचच्या राजाकडे वाटाड्यांचं आरमारच होतं. जहाज वाचवायला जी होडी पुढे जाते, तीच होडी जहाजाला हव्या त्या बंदरात घेऊनही येते. या राजाचं नाव पेरिप्लसमध्ये मांबानोस असं येतं. तो क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान, असं बहुतेक इतिहासकार मानतात. कल्याण ताब्यात घेणारा सॅंडानेस नेमका कोण यावर एकमत नाही. पण पकडलेली जहाजं भडोचला जातात, यावरून जकात कुणाच्या तिजोरीत पडत होती ते उघड आहे.

नहपानाचा जावई उषवदात याचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यात आहेत. दानधर्माची यादी मोठी आहे. भरुकच्छ (भडोच), दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक (सोपारा) इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट तरी ठेवल्या. पारदा म्हणजे पार नदी आणि डाहणुका म्हणजे डहाणूची, असं मानतात. किनाऱ्यावरची नावं खाली सोपाऱ्यापर्यंत येतात आणि थांबतात. सोपाऱ्याच्या पुढची मोठी खाडी उल्हासची, पण तिचं नाव या यादीत नाही आणि कल्याणचंही नाही. लेखात एखादं नाव नसणं हा पुरावा होत नाही, हे मान्य. तरी पेरिप्लसचं वाक्य शेजारी ठेवून ही यादी वाचली की जरा थांबायला होतं.

आता सातकर्णीचा अंमल मोडला नाही आणि कल्याण उघडं राहिलं, असं धरू. सप्टेंबरच्या अखेरीला ग्रीक जहाज वसईच्या मुखाशी येतं. तिथून भरतीवर आत शिरायचं, घोडबंदरचे डोंगर उजव्या हाताला ठेवायचे, ओहोटी लागली की नांगर टाकून बसायचं आणि पुढच्या भरतीला पुन्हा सरकायचं. साष्टीच्या बेटाआड वादळाचं भय नाही. नर्मदेसारखी जीवघेणी भरती नाही. दोन-चार भरत्यांत जहाज कल्याणच्या धक्क्याला. पोटात इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच आणि चांदीची नाणी. पेरिप्लसने भडोचची जी आयात दिली आहे तीच.

आणि परतीचा माल? इथे खरी गंमत आहे. पेरिप्लसकार सांगतो की पैठण भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेर त्याच्याही पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणची अकीकाची खडी आणि तेरचं कापड गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात. नकाशा काढून बघा. पैठणहून कल्याण कितीतरी जवळ आहे. जुन्नरला यायचं, नाणेघाट उतरायचा, वैशाखरे, मुरबाड आणि कल्याण. सातवाहनांनी नाणेघाट सजवला तो काय उगाच? राणी नागनिकेचा लेख तिथेच आहे, राजघराण्याच्या मूर्तींची लेणी तिथेच होती आणि जकातीचा म्हणून लोक दाखवतात तो दगडी रांजणही तिथेच. घाटात गाड्या चालत नाहीत, बैलांच्या पाठीवर गोण्या घालाव्या लागतात, ही अडचण खरी. पण बैलांच्या तांड्याला घाट नवा नाही.

दुसरी वाट आपल्या दारावरून. कल्याणहून उल्हासच्या काठाकाठाने, आजचं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मागे टाकत कर्जत. तिथे राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी, वर बोरघाट, पलीकडे कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत. म्हणजे यवन या घाटांच्या माथ्यापर्यंत येत होते, दान देत होते, इतके इथले झाले होते. कर्जत लोकलच्या दारात उभं राहून कधी विचार केला नसेल, पण गाडी धावते ती साधारण त्याच तांड्यांच्या वाटेने. बदलापूर हे नावच मुळी घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. व्युत्पत्ती खरी असो की नसो, वाट जुनी आहे यात शंका नाही.

उघडं कल्याण म्हणजे पैठणचा माल वीस दिवसांऐवजी निम्म्या-पाऊण वेळात समुद्रावर. भडोचची जकात आटली असती. रोमन चांदी नहपानाऐवजी सातवाहनांच्या हातात पडली असती. नहपानाची चांदीची नाणी किती होती, याचा अंदाज १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला आला. तिथल्या एका साठ्यात १३,०००हून जास्त नाणी निघाली आणि त्यातल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. जुन्या राजाचं तोंड खाली, नव्याचं चिन्ह वर. ती नाणी हातात घेतली की दोन्ही ठसे एकमेकांत घुसलेले दिसतात, क्षत्रपाच्या नाकावर सातवाहनांचा उज्जयिनी ठसा. बंदर आपल्याच हाती राहिलं असतं तर गौतमीपुत्राला ही चांदी लढून मिळवावी लागली नसती. नाशिकला त्याची आई गौतमी बलश्रीने क्षहरातांचा नायनाट करणारा मुलगा म्हणून त्याचं कौतुक कोरून घेतलं, तेही मग वेगळ्या शब्दांत झालं असतं. शत्रू तेवढा मोठा झालाच नसता.

कल्याण मग केरळच्या मुझिरिसइतकं मोठं झालं असतं का? मला वाटत नाही. रोमनांना सगळ्यात जास्त हवी होती काळी मिरी, आणि ती मलबारची. वाराही जहाजांना थेट मलबारवर आणून सोडायचा. कल्याणच्या वाट्याला कापड, अकीक, सागवान आलं असतं. घसघशीत धंदा, पण दुसऱ्या क्रमांकाचा. जर-तर लिहिणाऱ्याने आपल्या गावाला रोमची राजधानी करून टाकू नये.

शिवाय जे बदललं असं आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं पुढे घडलंच. अडवणूक कायमची टिकली नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी, सोनारांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. लेणं कोरायला पैसे लागतात, आणि ते बंद पडलेल्या बंदरातून येत नाहीत. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉसमस हिंदुस्थानच्या मोठ्या बाजारपेठांत ‘कल्लियाना’ची गणना करतो. तिथून तांबं, शिसवी लाकडाचे ओंडके आणि कापड जातं, आणि तिथे इराणातून नेमलेला बिशप आहे, असं तो लिहितो. हाच कॉसमस विश्व पेटीसारखं चौकोनी आहे असंही मानायचा, पण बाजारभावात तो चुकत नसावा.

समुद्राच्या पलीकडच्या टोकालाही खुणा निघाल्या आहेत. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खनन झालं. तिथल्या देवळाच्या आवारात साडेसात किलो काळी मिरी भरलेला हिंदुस्थानी रांजण मिळाला. जुन्या जहाजांचं सागवान तिथल्या बांधकामात वापरलेलं आढळलं. २०२२ साली बुद्धाची मूर्ती निघाली. सातवाहनांची दोन नाणीही तिथे सापडली आहेत. उलट दिशेने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, काशाची छोटी मूर्ती मिळाली. समुद्र जिथून दिसतही नाही त्या कोल्हापुरात समुद्रदेव. महालक्ष्मी एक्स्प्रेस त्याच गावाला निघाली होती, हा केवळ योगायोग. पण मला तो आवडतो.

वाऱ्याचं ज्ञान आणि वाटाड्याचं मोल यांचा हिशेब एका दुसऱ्या प्रसिद्ध प्रवासात अगदी रोकडा मांडलेला सापडतो. वास्को द गामा २४ एप्रिल १४९८ला आफ्रिकेच्या मालिंदीहून निघाला, सोबत तिथून घेतलेला वाटाड्या होता. २० मेला तो कालिकतला. महिन्याच्या आत समुद्र पार. पोर्तुगीज इतिहासकार बारोस त्या वाटाड्याला गुजरातचा मुसलमान म्हणतो. तो म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, ही समजूत नंतरच्या अभ्यासकांनी खोडून काढली आहे. परत जाताना गामाने वाऱ्याची वाट बघितली नाही. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबरला निघाला आणि मालिंदीला लागला ७ जानेवारी १४९९ला. तीन महिने. वारा कधी पडलेला, कधी उलटा. हिरड्या सुजून, स्कर्व्हीने तीसेक माणसं त्या एका फेरीत मेली. धडधाकट हात इतके कमी उरले की ‘साओ राफाएल’ हे जहाज चालवायला माणसं पुरेनात, ते जाळून टाकावं लागलं. कोकणातला कुठलाही तांडेल त्याला सांगता, बाबा, दोन महिने थांब, वारा फिरतोय. थांबला असता तर ती माणसं बहुधा घरी पोचली असती. हा जर-तरही नव्हे, निव्वळ वाऱ्याचं गणित आहे.

मधल्या शतकांबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. तरी अंबरनाथला गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वालधुनीच्या काठचं ते शिवमंदिर १०६० सालचं. शके ९८२चा लेख देवळातच आहे, शिलाहार राजा मुम्मुणीचा. बाहेर भिंतीवर एक इंच जागा कोरल्याविना सोडलेली नाही. आणि मग वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभारा, डोक्यावर शिखर उघडं, उजेड सरळ पिंडीवर. हे उत्तर कोकणचे शिलाहार बंदरांवर जगणारे राजे. ९१६च्या सुमाराला अरब प्रवासी मसूदी चौलला आला तेव्हा तिथे दहा हजार मुसलमान राहत होते आणि झंझ शिलाहाराचा अंमल होता, असं त्याने लिहिलं आहे. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी लढताना समुद्रात बुडाला. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ जहाजं कोरली आहेत. तो प्रसंग याच लढाईचा, असं मानतात. अंबरनाथचं देऊळ बघायला जाणाऱ्याने एकसरलाही जावं. एका घराण्याची भरभराट आणि अखेर दोन्ही दगडात दिसतात.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. दोन वर्षांनी, १६५९ साली, वसईच्या पोर्तुगीजांच्या पत्रांत काळजी उमटते की हा शहाजीचा मुलगा कल्याण, भिवंडी, पनवेलला लढाऊ जहाजं बांधतोय. कामावर रुई लेतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीजच होता, त्याच्या हाताखाली त्याची माणसं. वसईच्या अधिकाऱ्यांनी त्यांना फितवलं आणि ते काम टाकून निघून गेले. इथेही कुणी जर लावू पाहील, पण लावू नये. काम थांबलं नाही. १६६५च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा बरोबर ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं होती.

आणि मग सगळ्यात अलीकडचं. पेरिप्लसकार हिंदुस्थानात पहिल्यांदा ज्या बंदराला लागतो ते सिंधूच्या मुखावरचं ‘बार्बारिकॉन’. आत सिंध. तिथून नीळ, सुती कापड, लाजवर्दी दगड निघायचे. १९४७नंतर त्याच मुलखातली माणसं कराचीहून बोटींनी मुंबईला आली आणि त्यांच्यातली लाखभर कल्याणच्या ओसाड लष्करी छावणीत, बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीची कोनशिला बसली आणि नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. पेरिप्लसच्या पानांवर बार्बारिकॉन आणि कल्लिएना यांच्यामध्ये काठियावाड आहे, खंबायतचं आखात आहे, भडोच आहे. उल्हासनगरात त्यांच्यामध्ये काहीच नाही. सिंधूच्या मुखावरचे लोक उल्हासच्या काठावर कापडाचा धंदा करतात. पाच नंबर कॅम्पातली जीन्स देशभर जाते. कॉसमसच्या यादीतलं कापड काही बदललं नाही, फक्त निळं झालं. ते रंग धुतलेलं पाणी वालधुनीत सोडलं गेलं आणि शिवमंदिराच्या पायथ्याची नदी पुढे जाऊन मेली, हेही इथेच लिहायला हवं. या खाडीत आज ग्रीक जहाज आलंच, तर त्याला अडवायला पहारेकरी लागणार नाहीत. गाळ आणि वासच पुरे आहेत.

जुन्या जहाजांची आठवण काढणारे लोक अजून आहेत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रातलं जहाज बघून, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज २१ मे २०२५ला कारवारच्या तळावर नौदलात दाखल झालं. ते गोव्यात बांधलं. पेरिप्लसच्या काळी या किनाऱ्यावर फिरणाऱ्या देशी जहाजांची जात साधारण हीच.

कल्याणला उतरलात तर दुर्गाडीला जा. पुलावर उभे राहा आणि जाण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या. भरती लागली की पाण्यावर तरंगणारा कचरा, जलपर्णी, एखादा नारळ, सगळं उलटं फिरतं आणि समुद्राकडून कल्याणकडे वाहत येतं.